पाठीवरची सही : ‘एंडोर्स’ या क्रियापदाचा इतिहास

#थ्रेड #शब्दांचाइतिहास

१/
निवडणुकीच्या काळात एक नेता दुसऱ्याला ‘एंडोर्स’ करतो. क्रिकेटपटू बुटांना एंडोर्स करतो, अभिनेत्री साबणाला. समाजमाध्यमांवर अनेकांच्या परिचयात एक ओळ ठरलेली असते : ‘रीट्वीट म्हणजे एंडोर्समेंट नव्हे.’ पसंती, शिफारस, पाठिंबा, अनुमोदन अशा कितीतरी छटा आज या एका इंग्रजी क्रियापदात सामावल्या आहेत. मात्र कित्येक शतके या शब्दाचा पसंतीशी संबंध नव्हता. त्याचा संबंध होता कागदाच्या मागच्या बाजूशी, आणि पुढे व्यापाऱ्याच्या खिशातील पैशाशी.

२/
हा धागा त्या प्रवासाचा आहे. ज्याने ‘एंडोर्स’ केले त्याला एके काळी आपल्या सहीची किंमत रोख मोजावी लागण्याची शक्यता असे. ती जोखीम शब्दातून हळूहळू गळून कशी गेली आणि आजचे कायदे ती परत कशी आणू पाहत आहेत, हे समजून घेण्याजोगे आहे. कारण दिवसभरात आपण सारेच कशाला ना कशाला पसंती देत असतो.

३/
प्रथम व्युत्पत्ती. लॅटिनमध्ये ‘डॉर्सम’ म्हणजे पाठ. माशाच्या पाठीवरील पराला इंग्रजीत ‘डॉर्सल फिन’ म्हणतात, तो हाच शब्द. त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘इन्डॉर्सारे’ हे क्रियापद बनले : पाठीवर ठेवणे, पाठीवर लिहिणे. जुन्या फ्रेंचमधून ते इंग्रजीत आले तेव्हा त्याचे रूप ‘एंडोस’ असे होते. पुढे लॅटिन मूळ डोळ्यांसमोर ठेवून लिहिणाऱ्यांनी त्यात ‘र’ घातला आणि आजचे ‘एंडोर्स’ तयार झाले.

४/
फ्रेंच भाषेत या शब्दाची बहीण आजही नांदते. ‘एंडोसे’ म्हणजे कोट, चिलखत वगैरे अंगावर चढवणे. त्याच क्रियापदाने जबाबदारीही घेतली जाते. मराठीत आपण ‘जबाबदारी अंगावर घेणे’ म्हणतो, अगदी तसेच. पाठीवर ओझे घेणे ही मूळ प्रतिमा फ्रेंचने जपली आहे. इंग्रजी शब्दाच्या कहाणीतही हे ओझे पुढे येणार आहे.

५/
शब्दाचा अगदी शब्दशः वापर पाहायचा असेल तर कवी मिल्टनकडे जावे. १६७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॅराडाइज रीगेन्ड’ या काव्यात त्याने पाठीवर बुरूज वाहणाऱ्या युद्धातील हत्तींचे वर्णन करताना हेच क्रियापद योजले आहे. तिथे कोणी हत्तींना पाठिंबा देत नाही. हत्तींच्या पाठीवर काहीतरी ठेवलेले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

६/
आता कागदाकडे, खरे तर चर्मपत्राकडे येऊ. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाज्ञा, खरेदीखते, न्यायालयीन आदेश चर्मपत्रावर लिहीत. मुख्य मजकूर आतल्या बाजूस असे. गुंडाळी किंवा घडी केल्यावर जी बाजू बाहेर राही तिला ‘डॉर्स’ म्हणत. गुंडाळी न उघडता आत काय आहे ते कळावे म्हणून कारकून त्या बाजूवर चार शब्द लिहून ठेवी. आपल्याकडच्या रुमालांत बांधलेल्या दप्तरांतही कागदाच्या पाठीवरील अशा नोंदी भेटतात. हे लिहिणे म्हणजेच ‘एंडोर्स’ करणे.

७/
ही पाठ केवळ नाव लिहिण्यापुरती नव्हती. कार्यवाहीची नोंदही तिथेच होई. न्यायालयाने शेरीफला आदेश पाठवला की अमक्यास हजर करा. शेरीफ त्याच आदेशाच्या मागे उत्तर लिहून तो परत पाठवी. माणूस सापडला नसेल तर लॅटिनमध्ये ‘नॉन एस्ट इन्व्हेंटस’, म्हणजे ‘आढळला नाही’, असा शेरा असे. समोरच्या बाजूला हुकूम आणि मागच्या बाजूला त्या हुकमाचे पुढे काय झाले याची हकीकत. इतिहासाच्या अभ्यासकाला कित्येकदा ही दुसरी बाजूच अधिक मोलाची ठरते.

८/
याहून बोलके उदाहरण फौजदारी खटल्यांचे आहे. आरोपीवर खटला चालवण्याइतका पुरावा आहे काय, हे ‘ग्रँड ज्युरी’ ठरवत असे. पुरावा पुरेसा वाटला तर आरोपपत्राच्या पाठीवर ‘बिल्ला वेरा’ असे लिहीत, म्हणजे ‘आरोपपत्र खरे’. पुरावा अपुरा असेल तर त्याच जागी ‘इग्नोरामुस’ असे लिहीत. लॅटिनमध्ये त्याचा शब्दशः अर्थ ‘आम्हांस ठाऊक नाही’.

९/
मूर्ख माणसासाठी इंग्रजीत जो ‘इग्नोरेमस’ शब्द आहे, त्याचे मूळ या शेऱ्यात आहे. १६१५ साली केंब्रिज येथे राजा पहिला जेम्स याच्यासमोर जॉर्ज रगल याचे ‘इग्नोरामुस’ नावाचे लॅटिन प्रहसन झाले. त्यात या नावाच्या वकिलाची यथेच्छ टिंगल होती. तेव्हापासून ज्युरीचा शेरा ही अज्ञ माणसाची उपाधी बनली.

१०/
मुद्दा लक्षात घ्या. ‘खरे’ लिहिले तरी ते एंडोर्स करणे आणि ‘ठाऊक नाही’ लिहिले तरीही ते एंडोर्स करणेच. क्रियापद फक्त लिहिण्याची जागा सांगते. होकार की नकार, हे तिथे काय लिहिले आहे त्यावरून ठरते. मग या तटस्थ शब्दाला होकाराचा रंग कधी चढला? त्यासाठी आपल्याला न्यायालयातून बाजारपेठेत जावे लागेल.

११/
मध्ययुगाच्या उत्तरार्धात इटालियन व्यापाऱ्यांनी विनिमयपत्राचा वापर रूढ केला. नाणी घेऊन लांबचा प्रवास करणे धोक्याचे होते. म्हणून एका शहरातील व्यापारी दुसऱ्या शहरातील आपल्या आडत्याला पत्र लिही : अमक्या तारखेला अमक्यास इतकी रक्कम द्यावी. प्रातो येथील फ्रान्चेस्को दातीनी या व्यापाऱ्याचे निधन १४१० साली झाले. त्याच्या दप्तरात सुमारे दीड लाख पत्रे सापडली असून, त्यांच्या जोडीला हजारो विनिमयपत्रेही आहेत.

१२/
आरंभी हे पत्र ज्याच्या नावे असे त्यानेच ते वटवायचे असा प्रघात होता. व्यापार वाढला तशी अडचण होऊ लागली. पत्राची मुदत तीन महिन्यांनंतरची आणि पैशाची गरज आज! मग पत्रधारकाने त्याच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली : ‘ही रक्कम माझ्याऐवजी अमक्यास द्यावी’, आणि खाली सही. पत्र हातातून हातात जाऊ लागले. सतराव्या शतकात ही पद्धत युरोपच्या मोठ्या बाजारपेठांत सर्रास रूढ झाली.

१३/
या सहीने एक नवी गोष्ट घडवली. ती साधी हस्तांतराची नोंद राहिली नाही. सही करणारा जामीनही झाला. समजा, अ-ने ब-वर पत्र काढले आणि ते क-ला दिले. क-ने पाठीवर सही करून ते ड-ला दिले आणि ड-ने तसेच इ-ला. मुदत संपल्यावर ब-ने पैसे दिले नाहीत, तर इ त्याची रीतसर सूचना देऊन ड, क किंवा अ यांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. ज्याची ज्याची सही पाठीवर आहे, तो तो बांधला गेलेला.

१४/
त्यामुळे एक विलक्षण परिणाम झाला. एरवी चलनी वस्तू हाताळून झिजते, तिचा भाव घटतो. विनिमयपत्र मात्र जितक्या हातांतून जाई तितके भरवशाचे होई, कारण प्रत्येक नवी सही म्हणजे आणखी एक जामीन. ज्याला पत्र काढणारा माहीत नाही त्याला निदान शेवटची सही करणारा तरी माहीत असे. अनोळखी माणसांत विश्वास निर्माण करण्याची ही यंत्रणा होती, आणि ती कागदाच्या पाठीवर चालत होती.

१५/
हेन्री थॉर्न्टन या बँकव्यावसायिकाने १८०२ साली ब्रिटनमधील कागदी पतव्यवहारावर महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. लिव्हरपूल आणि मँचेस्टर येथील मोठे व्यवहार स्थानिक बँकांच्या नोटांनी होत नसून लंडनवर काढलेल्या विनिमयपत्रांनी होतात, अशी नोंद त्याने केली आहे. लँकेशायरमध्ये पत्रांवर इतक्या सह्या होत की पाठ अपुरी पडे आणि कागदाला आणखी एक पट्टी चिकटवावी लागे. या पट्टीला ‘अलाँज’ असे नाव होते.

१६/
एखाद्याला पत्र पुढे द्यायचे आहे, पण जामीन राहायचे नाही, अशी वेळ आली तर? त्याचीही सोय होती. सहीसोबत ‘सां रेकूर’ असे फ्रेंच शब्द लिहायचे, म्हणजे ‘माझ्याकडे परत येऊ नये’. पत्र पुढे जाई आणि जबाबदारी संपे. मात्र घेणारा माणूस लगेच सावध होई. ज्याला स्वतःलाच या पत्राचा भरवसा नाही, त्याच्याकडून ते पूर्ण भावाने का घ्यावे? ‘रीट्वीट म्हणजे एंडोर्समेंट नव्हे’ या ओळीचा हा थेट पूर्वज. फरक इतकाच की बाजारात या हात झटकण्याचीही किंमत पडत असे.

१७/
जबाबदारीची ही साखळी तुटली तर काय होते, ते १७६३ साली दिसले. सप्तवार्षिक युद्ध नुकतेच संपले होते. युद्धकाळात अ‍ॅम्स्टरडॅम, हॅम्बुर्ग आणि बर्लिन यांच्यामध्ये विनिमयपत्रांचे दाट जाळे विणले गेले होते. त्या उन्हाळ्यात अ‍ॅम्स्टरडॅममधील ‘द न्यूफव्हिल बंधू’ ही मोठी पेढी बुडाली. तिची सही असलेली पत्रे ज्यांच्या हाती होती ते आपल्या आधीच्या सह्यांकडे धावले. ज्यांनी न्यूफव्हिलांशी थेट व्यवहारही केला नव्हता, अशा पेढ्याही केवळ पाठीवरील सहीमुळे अडकल्या.

१८/
बर्लिनचा योहान एर्न्स्ट गॉत्सकोव्स्की हा त्या वर्षी बुडालेल्यांपैकी एक. रशियन सैन्याच्या धान्यसाठ्याच्या खरेदीत तो गुंतला होता. त्याचा चिनी मातीचा कारखाना १७६३ मध्ये राजा फ्रेडरिकने विकत घेतला आणि तो ‘राजकीय’ कारखाना झाला. रशियाचे देणे फेडण्यासाठी गॉत्सकोव्स्कीने आपला चित्रसंग्रह सम्राज्ञी कॅथरीनला दिला. १७६४ साली पीटर्सबर्गला पोहोचलेल्या या दोनशेहून अधिक चित्रांपासून जगप्रसिद्ध हर्मिटाज संग्रहालयाचा आरंभ मानला जातो.

१९/
भारतात हेच काम हुंडी करत होती, आणि युरोपीय कायद्याच्या कितीतरी आधीपासून. पाहताच पैसे द्यायची ती दर्शनी हुंडी, ठरावीक मुदतीनंतरची ती मुदती हुंडी. उत्तरेतील वसुलीच्या रकमा पुण्यात पोहोचायच्या त्या सावकारांच्या हुंड्यांमधून. त्यासाठी द्यावी लागणारी हुंडणावळ हा मराठी हिशेबांतला परिचित शब्द. हुंडी मान्य करण्याला ‘सकारणे’ म्हणत, आणि पैसे मिळाले की हुंडी ‘वटली’. आज चेक ‘वटतो’, तो याच परंपरेने.

२०/
शाहजोग हुंडीची रीत पाहण्यासारखी आहे. ही हुंडी ‘शाह’, म्हणजे बाजारात पत असलेला प्रतिष्ठित व्यापारी, याच्यामार्फतच वटे. पैसे देणाऱ्याने समोरचा माणूस खरोखर शाह आहे याची खात्री करायची. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर त्या शाहाने रक्कम व्याजासह परत करायची. प्रतिष्ठा मिरवण्याची वस्तू नव्हती. ती तारण म्हणून ठेवलेली असे आणि प्रसंगी जप्तही होई.

२१/
हुंडी न सकारली गेल्यास उपयोगी पडावी म्हणून ‘जिकरी चिठ्ठी’ही दिली जाई. आधीच्या धन्यांपैकी एकजण त्या गावातील आपल्या परिचिताला लिहून देई की हुंडी परत फिरली तर तुम्ही पैसे द्यावेत, आमची अब्रू राखावी. म्हणजे हुंडीवरचा शब्द मोडू नये यासाठी आधीच दुसरा शब्द तयार ठेवलेला असे.

२२/
१८८१ साली ब्रिटिश भारतात परक्राम्य संलेख अधिनियम आला. विनिमयपत्र, वचनचिठ्ठी, चेक यांचा हा कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम १५ मध्ये ‘इन्डोर्समेंट’ची व्याख्या आहे, तीही ‘आय’ अक्षराने आरंभ होणाऱ्या जुन्या वर्णलेखनात. गंमत म्हणजे सही कागदाच्या पाठीवर, दर्शनी बाजूवर किंवा जोडपट्टीवर, कुठेही चालते. ‘पाठ’ आता केवळ नावात उरली. कलम ३५ मध्ये सही करणाऱ्याचे दायित्व आहे आणि कलम ५२ मध्ये ते नाकारण्याची मुभा. देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना मात्र या कायद्याने पहिल्याच कलमात अभय दिले.

२३/
या कायद्यातील संज्ञेला आपल्या प्रशासकीय मराठीत ‘पृष्ठांकन’ हा प्रतिशब्द आहे. आपण ‘पृष्ठ’ म्हणजे पान समजतो. पण संस्कृतात पृष्ठ म्हणजे पाठ. पृष्ठवंश म्हणजे पाठीचा कणा. लॅटिन ‘डॉर्सम’ची जागा ‘पृष्ठ’ने अचूक भरून काढली आहे. सरकारी पत्रव्यवहारात एका कार्यालयाने आलेले पत्र पुढे पाठवताना केलेल्या नोंदीलाही पृष्ठांकन म्हणतात. त्यात पसंती अभिप्रेत नसते. मूळचा तटस्थ अर्थ कचेऱ्यांनी टिकवला आहे.

२४/
तटस्थ अर्थ नेहमीच निरुपद्रवी नसतो. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटारकार कायद्याने वाहन परवाना आला. चालकाला शिक्षा झाली की न्यायालय तिचा तपशील परवान्यावर ‘एंडोर्स’ करी. त्यामुळे ब्रिटिश माणसाचा परवाना एंडोर्स झालेला असेल तर तो गौरव नसून डाग आहे.

२५/
दक्षिण आफ्रिकेत या क्रियापदाने माणसांची आयुष्ये उद्ध्वस्त केली. १९५२ च्या एका कायद्याने कृष्णवर्णीयांना ओळखपुस्तिका सक्तीची झाली. विटंबना अशी की त्या कायद्याच्या नावातच ‘पास रद्द करणे’ असे शब्द होते! पुस्तिकेत मालकाची सही दर महिन्याला लागे. शहरात राहण्याचा हक्क नाही असे अधिकाऱ्याने ठरवले की तो पुस्तिकेत तसा शिक्का मारी आणि त्या व्यक्तीला शहर सोडावे लागे. यासाठी तिथल्या इंग्रजीत ‘एंडोर्स्ड आउट’ असा शब्दप्रयोग रुळला.

२६/
म्हणजे पसंतीच्या शब्दाने हद्दपारी! जन्मभर शहरात राबलेली माणसे, पतीपासून ताटातूट झालेल्या स्त्रिया, आईपासून दूर पाठवलेली मुले यांच्यासाठी हा शब्द भीतीचा होता. ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे २०,००० स्त्रियांनी प्रिटोरियात या पासविरुद्ध मोर्चा काढला. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासविरोधी निदर्शकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि ६९ जण ठार झाले. हे कायदे १९८६ साली रद्द झाले.

२७/
आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे वळू. पसंतीचा अर्थ आला तो बाजारातून. पत्राच्या पाठीवर सही करणे म्हणजे ‘हे खरे आहे, मी याच्या मागे उभा आहे’ असे सांगणे होते. हेच रूपक मग मतांना, दाव्यांना, धोरणांना लागू झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ‘मान्यता देणे, दुजोरा देणे’ हा अर्थ इंग्रजीत स्थिरावलेला दिसतो. अमेरिकेत पक्ष आणि वृत्तपत्रे उमेदवारांना एंडोर्स करू लागली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १८६० साली अब्राहम लिंकन यांना असा पाठिंबा दिला होता.

२८/
जाहिरातीच्या दुनियेत ही कल्पना शब्दाच्या आधीच पोहोचली होती. जोसाया वेजवुड या कुंभारकामातील उद्योजकाने राणी शार्लटसाठी चहाची भांडी घडवली आणि १७६६ साली राणीचा कुंभार ही उपाधी मिळवून तिचा पुरेपूर उपयोग केला. १८८० च्या दशकात अभिनेत्री लिली लँगट्री हिने पिअर्स साबणाची जाहिरात केली. आपल्याकडे १९४१ साली मराठी अभिनेत्री लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. लक्सची जाहिरात करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री मानल्या जातात.

२९/
या प्रवासात शब्दाचा गाभा मात्र पालटला. व्यापारी सही करी तेव्हा त्याचे धन पणाला लागे. नामवंत व्यक्ती वस्तूची तारीफ करते तेव्हा तिला उलट धन मिळते. माल खोटा निघाला तर नुकसान ग्राहकाचे. जामिनाचा विश्वास उरला, जामिनाची जबाबदारी गेली. शब्द तोच राहिला म्हणून आपल्याला ही अदलाबदल जाणवत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात जुन्या सहीचे वजन अजून असते आणि बोलणाऱ्याने ते कधीच उतरवून ठेवलेले असते.

३०/
कायद्याने ही फट अलीकडे ओळखली. १९७८ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गायक पॅट बून यांच्या मुरुमांवरील औषधाच्या जाहिरातीची दखल घेतली. तडजोडीच्या आदेशानुसार ग्राहकांना द्यायच्या परताव्यात आपला वाटा उचलण्याचे त्यांनी मान्य केले. स्तुती करणारा पुन्हा एकदा, अंशतः का होईना, देणेकरी ठरला.

३१/
भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये एंडोर्समेंटची व्याख्या आली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कलम २१ नुसार उत्पादकाप्रमाणेच एंडोर्स करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय एंडोर्स करण्यावर एक वर्षापर्यंत, पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. दाव्याची खातरजमा आपण योग्य ती काळजी घेऊन केली होती, असे दाखवता आले तर सुटका आहे. शाहजोग हुंडीतल्या शाहाला हे नियम फारसे परके वाटले नसते!

३२/
आपल्या भाषेतही मान्यतेचे शब्द तपासून पाहावेत. ‘मंजूर’ हा अरबी ‘नजर’शी नाते सांगतो : जे पाहिले गेले, ते मंजूर. ‘शिक्कामोर्तब’ शिवकालीन पत्रव्यवहारातून आला. पत्राच्या माथ्यावर मुख्य शिक्का आणि मजकूर संपताच लगेच खाली मोर्तबाची लहान मुद्रा, म्हणजे नंतर कोणी एक ओळही घुसडू नये. पसंती हा मनातला भाव होण्याआधी ती डोळ्यांनी, हातांनी करायची कृती होती, आणि तिच्यात फसवणूक टाळण्याची दक्षता होती.

३३/
आणि राजकारणातल्या ‘एंडोर्स’साठी आपण रोज वापरतो तो शब्द? ‘पाठिंबा’. त्यातही पाठच आहे. संस्कृत ‘पृष्ठ’, प्राकृतातून मराठी ‘पाठ’. पाठराखण, पाठीशी उभे राहणे, पाठ थोपटणे ही सारी त्याच कुळातली. इंग्रजी शब्दातील पाठ कागदाची आहे, मराठीतील पाठ माणसाची. दोन्ही भाषा स्वतंत्र वाटांनी एकाच जागी पोहोचल्या आहेत : खरा आधार समोर दिसत नाही, तो मागे असतो आणि भार सोसतो.

३४/
शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. घरात जुने खरेदीखत असेल तर ते उलटून पाहा. स्टॅम्पपेपरच्या पाठीवर तो कोणी, कधी विकत घेतला याची विक्रेत्याची नोंद भेटेल. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दुय्यम निबंधकाने केलेले शेरे भेटतील : दस्त कोणी सादर केला, कोणी कबूल केला, ओळख कोणी पटवली. मुघल फर्मानांच्या पाठीवरही ‘झिम्न’ म्हणजे दानाचा तपशील आणि अधिकाऱ्यांचे शिक्के असत.

३५/
म्हणून दप्तरखान्यात कागदाचे छायाचित्र घेताना पुढच्या बाजूवर थांबू नका. समोरची बाजू सांगते की कोणी काय म्हटले. मागची बाजू सांगते की त्या म्हणण्यामागे कोण कोण उभे राहिले आणि कोणी हात झटकले. आजच्या पसंतीला तशी पाठ नाही. तिथे एक बोट पुरते. पुढच्या वेळी एखादी पोस्ट पुढे पाठवताना इतकेच विचारून पाहावे : हा कागद असता आणि खोटा निघाल्यास रक्कम मला भरावी लागणार असती, तर याच्या पाठीवर मी सही केली असती का?

(धागा समाप्त. तुमच्या घरच्या जुन्या कागदांच्या पाठीवर काही वाचनीय शेरा सापडला तर खाली जरूर सांगा. मोडीतला असेल तर मिळून वाचू.)